पोळ्याला उघडतं, दसऱ्याला मिटतं

४ जून १९१३ ला भीमराव रामजी आंबेडकरांनी बडोदा संस्थानाशी शिष्यवृत्तीचा करार केला. दरमहा ११.५० पौंड, तीन वर्षांसाठी. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ते न्यूयॉर्कला उतरले. आगबोटीचा प्रवास धरूनही सही ते कोलंबिया विद्यापीठ हे सगळं दोन महिन्यांच्या आत उरकलं होतं. आज पैसा क्षणात खात्यात पडतो, पत्र क्षणात पोचतं आणि आपल्याकडचा विद्यार्थी सप्टेंबर उजाडला तरी निवड यादीची वाट बघत बसलेला असतो. संस्थानाला जे जमत होतं ते महाराष्ट्र शासनाला जमायला हवं.

राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आपल्या राज्यात आहे. अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना तिच्यातून दरवर्षी परदेशी पाठवायचं, फी सरकारने भरायची, राहण्या-खाण्याचा खर्चही द्यायचा. योजना उत्तम आहे. तिचं वेळापत्रक वाईट आहे. जाहिरात बहुधा उन्हाळा सरता सरता निघते आणि छाननी पावसाळ्यात चालते. इंग्लंडमधली विद्यापीठं सप्टेंबरअखेर सुरू होतात. त्याआधी डिपॉझिट भरायचं, मग विद्यापीठ ‘कॅस’, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याचं पत्र, देणार, कॅस आलं की व्हिसाला अर्ज. शिष्यवृत्तीचं पत्र हातात असेल तर यातलं बरंचसं सोपं होतं. पत्र नसेल तर मुलगा विद्यापीठाला मेल करतो, प्रवेश पुढच्या वर्षावर ढकला म्हणून. काही विद्यापीठं ढकलतात, काही नाही म्हणतात. त्या नकाराची नोंद आपल्याकडे कुठल्याच फायलीत होत नाही.

आणि पावसाळा म्हणजे काय, हे मुंबईत बसून कळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो. वीज जाते, पाठोपाठ नेटवर्क जातं. त्याच दिवसांत उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जात वैधता यांच्या स्कॅन प्रती चढवायची शेवटची तारीख असते. तालुक्याच्या वाटेत नदीच आडवी आहे, तर मुलीने तहसीलला जायचं कसं? मुदत वाढवून मागावी लागणं हीच चूक आहे. मुळात मुदत पावसाळ्यात येताच कामा नये.

केंद्राचं फार वेगळं नाही. सामाजिक न्याय मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. २०२५ च्या जुलैत तिच्या यादीत १०६ जण निवडले गेले आणि पत्रं निघाली ४० जणांना. बाकीच्या ६६ जणांना सांगण्यात आलं की निधी उपलब्ध झाला तर तुमचीही पत्रं निघतील. निवड झालेल्या मुलाने घरी काय सांगायचं, याचा विचार ते वाक्य लिहिणाऱ्याने केला असेल असं वाटत नाही.

याच योजनेत २०२२ साली आणखी एक कलम आलं. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास या विषयांसाठी पैसे मिळणार नाहीत. कारण काय, तर भारताचा अभ्यास भारतातच करता येतो. आता चंद्रपूरचं उदाहरण घ्या. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. इथल्या एखाद्या मुलीला त्या दिवसाचा इतिहास लंडनच्या ग्रंथालयात बसून, तिथल्या अभ्यासकांच्या हाताखाली लिहायचा असेल, तर सरकार तिला सांगतं की विषय बदल. ज्यांच्यासाठी ही योजना आहे त्यांचाच इतिहास त्यांना वर्ज्य. हे कलम काढून टाका. या एका मागणीवर इथल्या प्रत्येक आमदार-खासदाराने बोललं पाहिजे.

आदिवासींसाठी केंद्राच्या वेगळ्या योजनेत देशभरात मिळून जागा २०. त्यातल्या ३ अतिमागास आदिम जमातींसाठी. गडचिरोलीतले माडिया त्यांत येतात, यवतमाळ-चंद्रपूरचे कोलामही येतात आणि देशभरातल्या अशा सगळ्या जमातींनी त्या ३ जागांत मावायचं आहे. त्या ३ जागा आहेत, एवढं तरी भामरागड-एटापल्लीच्या किती मुलांच्या कानावर गेलंय? कॉलेजच्या सूचनाफलकावर परीक्षेच्या फॉर्मची तारीख असते, पोलीस भरतीची असते, तलाठी भरतीची असते. परदेशातल्या एका वर्षाच्या मास्टर्सची तारीख तिथे लागलेली मी अजून पाहिली नाही.

आपल्या पोरांची कुवत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांना नावं देतो.

कुरखेडा तालुक्यातल्या चिरचाडीचे डॉ. भास्कर हलामी. लहानपणी पावसाळ्याच्या दिवसांत मोहफुलं शिजवून खाल्ली, तांदळाचं पीठ पाण्यात शिजवून पोट भरलं. वडील कसनसूरच्या आश्रमशाळेत स्वयंपाकी झाले तेव्हा कुठे दोन वेळची सोय झाली. तिथली चौथी, मग केळापूरचं विद्यानिकेतन, गडचिरोलीला बी.एस्सी., नागपूरच्या विज्ञान संस्थेत एम.एस्सी. आणि पुढे अमेरिकेत मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीची पीएच.डी. आरएनएवर आधारित औषधांचं संशोधन करणारे ते शास्त्रज्ञ आहेत आणि गावातले पहिले विज्ञान पदवीधरही तेच. कोरपना तालुक्यातल्या लखमापूरचे अ‍ॅड. दीपक चटप २०२२ साली ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती घेऊन लंडनच्या सोआसला गेले. त्याच्या आदल्या वर्षी बुलढाण्याच्या पिंपरी खंदारेचे राजू केंद्रे त्याच शिष्यवृत्तीवर त्याच सोआसला गेले होते. केंद्रेंची एकलव्य ही संस्था आज घरातल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना अर्ज कसा करायचा ते शिकवते. चामोर्शीचे अ‍ॅड. बोधी रामटेके इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्तीवर युरोपात मानवी हक्कांचा अभ्यास करायला गेले. त्याआधी ते पावसाळ्यात पाण्याने वेढल्या जाणाऱ्या गावांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत घेऊन गेले होते.

आणि ही वाट नवी आहे असंही नाही. चंद्रपूरचे राजाभाऊ खोब्रागडे इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन आले आणि पुढे राज्यसभेचे उपसभापती झाले.

परदेशातली पदव्युत्तर पदवी गडचिरोलीच्या जंगलात काय कामाची, असं कुणी विचारलं तर उत्तर चातगावजवळ उभं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८४ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याची मास्टर्स पदवी घेतली आणि १९८६ मध्ये ते गडचिरोलीत आले. डॉक्टर ते आधीच होते. प्रश्न मोजायचा कसा, पुरावा उभा कसा करायचा, हे त्या एका वर्षात शिकून आले. पुढे काय झालं ते बघा. वसा आणि अमिर्झा या दोन गावांत राणीताईंनी ६५० स्त्रियांची तपासणी केली, त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले. १९८९ साली ‘लॅन्सेट’ने ते छापलं. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढीच जगाची समज होती. मग ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं गेलं. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. तेही १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं आणि घरी जाऊन बाळ तपासण्याची ती पद्धत पुढे देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली. एका मास्टर्स डिग्रीचा याहून चांगला वापर मला माहीत नाही.

पण इथे एक गोष्ट ठणकावून सांगायची आहे. बंग दांपत्य आलं, म्हणून प्रत्येकाने आलंच पाहिजे अशी अट आपण घालू शकत नाही. मडावीच्या किंवा रामटेकेच्या पोराने परदेशाचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, परत येशील ना? नागपूर-पुण्याच्या डॉक्टरच्या मुलाला हे कुणी विचारत नाही. त्याच्यासाठी पेढे वाटतात. चेव्हनिंगचा नियम आहे की शिकून दोन वर्षं मायदेशी राहायचं, तो नियम मान्य करून मुलं सही करतात. त्यापलीकडे त्यांनी कुठे राहावं हा त्यांचा प्रश्न आहे. हलामी अमेरिकेत औषधं शोधतात, ती चिरचाडीच्याही माणसाला लागू पडतील.

आता खुद्द अर्जाकडे येतो, कारण खरी पडझड तिथे होते.

एटापल्ली तालुक्यातल्या एका मुलीचा एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं हेतुपत्र, मध्यंतरी वाचायला आला. पर्यावरण आणि विकास या विषयात मास्टर्स करायचं होतं. पहिला परिच्छेद: लहानपणापासून मला निसर्गाची आवड आहे. दुसरा: भारत हा कृषिप्रधान देश आहे. तिसऱ्यात कुठल्याशा परदेशी विचारवंताचं वचन. सगळं इंटरनेटवरून जमवलेलं, आणि व्याकरण चोख. शेवटून दुसऱ्या ओळीत अर्धं वाक्य होतं, गावच्या ग्रामसभेत मी थोडी मदत करते. विचारलं, थोडी म्हणजे काय? ती म्हणाली, ‘ते तर घरचंच काम आहे जी, त्यात का लिहाचं?’

घरचं काम असं होतं. तिच्या गावची ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करते. वनहक्क आणि पेसा कायद्यांनी ते अधिकार आल्यापासून गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा करतात. हंगामात फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पुडे येतात, एक पुडा ७० पानांचा. ठेकेदाराचा मुंशी एक वही लिहितो आणि ग्रामसभेच्या वतीने ही मुलगी दुसरी वही लिहायची. रोज संध्याकाळी दोन्ही वह्या ताडून बघायची. बाद पुडे म्हणून मुंशी जे कमी धरायचा, ते ती पुन्हा मोजायला लावायची. हंगाम संपल्यावर कुठल्या घराचे किती पैसे निघतात, याचा तक्ता करून ग्रामसभेत वाचून दाखवायची. मोबाइलमध्ये तिच्याकडे त्या वहीच्या पानांचे फोटो होते, घामाने पसरलेल्या शाईचे. घराघरांची नावं, पुढे आकडे, शेवटी अंगठे.

ज्या विषयावर जगातली विद्यापीठं अभ्यासक्रम चालवतात, सामुदायिक संसाधनांचं व्यवस्थापन, तो विषय ही मुलगी हाताने करत होती. आणि अर्जात तिने तो लपवला होता, कारण बारा-पंधरा वर्षांच्या शाळेने तिला शिकवलं होतं की घरचं ते सांगण्यासारखं नसतं. मेंढा-लेखा गावच्या सामूहिक वनहक्काची कथा समजून घ्यायला परदेशातून अभ्यासक गडचिरोलीत येतात. त्याच अनुभवाच्या बळावर आपली मुलगी तिकडे जाऊ शकते, हे तिला सांगणारं कुणी नव्हतं. एसओपी तिने नव्याने लिहिला. पहिल्या ओळीत दोन वह्या होत्या.

पुढची अडचण शिफारसपत्रांची. दोन प्राध्यापकांची पत्रं लागतात. बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्याला सांगितलं जातं, तूच लिहून आण, मी सही करतो. हे चुकीचं आहे आणि नुकसान करणारं आहे. पलीकडचा प्राध्यापक वर्षाला शेकडो पत्रं वाचतो, मुलाने स्वतःविषयी लिहिलेलं पत्र त्याला लगेच ओळखू येतं. गुरुजी, एक तास द्या. ‘हा विद्यार्थी प्रामाणिक व मेहनती आहे’ एवढ्याने काही होत नाही. त्याने वर्गात कोणता प्रश्न विचारला, प्रकल्पासाठी कुठल्या गावात किती दिवस फिरला, कुठे अडला आणि कसा सुटला, ते लिहा. आणि ‘जीमेल’वरून नको, कॉलेजच्या मेलवरून पाठवा, अनेक विद्यापीठं तेच मागतात. कॉलेजचा अधिकृत मेल नसेल तर तो आधी सुरू करा.

मग नाव. दहावीच्या गुणपत्रिकेत आत्रामला इंग्रजीत सुरुवातीला एक ‘ए’, आधार कार्डात दोन. मडावीत कुठे ‘व्ही’, कुठे ‘डब्ल्यू’. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी, तिसरीकडे वडिलांचं नावच नाही. इथे कुणाचं काही अडत नाही, सगळ्यांना माहीत असतं हा कोण. व्हिसाच्या खिडकीवर मात्र हे दोन वेगळे इसम ठरतात. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र, पुन्हा महिने. पासपोर्ट काढायच्या आधी सगळी कागदपत्रं एका रेषेत आणा, हे आश्रमशाळेतल्या दहावीच्या वर्गशिक्षकांनीच बजावून सांगायला हवं. फॉर्मवरचं नाव पहिल्यांदा इंग्रजीत तेच लिहितात.

ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे विद्यापीठाच्या शिक्क्याच्या गुणपत्रकाची, गोष्ट अशीच. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये सुरू झालं, त्याआधी पदवी घेतलेल्यांना नागपूर विद्यापीठात जावं लागतं. सिरोंच्याच्या माणसाला एका शिक्क्यासाठी गडचिरोली गाठायची म्हणजे दिवस जातो, नागपूर गाठायचं म्हणजे मुक्काम आला. हे काम पोस्टाने, ठरल्या दिवसांत, ठरल्या फीत व्हायला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही.

पैशाचंही बोलू. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची फी आज सतरा-अठरा हजार रुपये आहे. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये. म्हणजे इंग्रजी येतं एवढं सिद्ध करायला एका मजुराची जवळपास दोन महिन्यांची कमाई, आणि नागपूरला जाण्या-येण्याचं भाडं वेगळं. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, हे खरं. पण व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी बंद खात्यात दाखवावे लागतात, आणि कागदपत्रं तपासून घेण्याच्या एपीएस प्रमाणपत्राला १८,००० रुपये. कर्ज काढावं तर रक्कम साडेसात लाखांवर गेली की बँका तारण मागतात. शेतजमीन बहुतेक बँका घेत नाहीत. वनहक्काचा पट्टा वारसाने पुढे जातो पण कायद्याने हस्तांतरित होत नाही, तेव्हा तोही तारणाला चालत नाही. जमिनीचं हे संरक्षण योग्यच आहे, त्याला हात लावू नये. पण मग त्या संरक्षणाची किंमत त्या घरातल्या मुलीने का मोजायची? आदिवासी विकास महामंडळाने किंवा जिल्हा नियोजनाने अशा मुलांची हमी घेतली पाहिजे.

मोठ्या शहरांतल्या सल्लागारांपासून सावध राहा. ‘आयईएलटीएस नको, व्हिसा नक्की’ अशी पाटी दिसली की विचारा, तुम्हाला कमिशन कोण देतं? विद्यापीठ देतं. म्हणून जे कमिशन देत नाही त्याचं नाव तिथे निघत नाही. पूर्ण शिष्यवृत्तीचे कार्यक्रम, फी नसलेली सरकारी विद्यापीठं, अर्जाची फी माफ करणाऱ्या जागा, हे सगळं तुम्हाला अशा कार्यालयात कळणार नाही. इरॅस्मस मुंडसला अर्ज करायला एक पैसा लागत नाही. चेव्हनिंगलाही नाही.

आणि तारखा आपल्या सणांवर बसवून लक्षात ठेवता येतात. चेव्हनिंग पोळ्याच्या आगेमागे उघडतं आणि दसऱ्याच्या सुमारास मिटतं. त्याला पदवीनंतरचा दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, ग्रामसभेत, संस्थेत, न्यायालयात केलेलं काम त्यात मांडता येतं. इंग्लंडची कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती दिवाळीच्या आसपास. इरॅस्मसचे बहुतेक कार्यक्रम दिवाळी ते संक्रांत. म्हणजे पुढच्या सप्टेंबरला जायचं तर आयईएलटीएस, पासपोर्ट आणि ट्रान्सक्रिप्ट हे सगळं या पोळ्याआधी हातात हवं. आपल्याकडची मुलं निकाल लागल्यावर शोधाशोध सुरू करतात आणि तोवर वर्ष गेलेलं असतं.

मागण्या फार नाहीत. राज्याच्या तिन्ही विभागांनी, सामाजिक न्याय, आदिवासी विकास आणि बहुजन कल्याण, परदेश शिष्यवृत्तीची जाहिरात जानेवारीत काढावी आणि यादी एप्रिलअखेर लावावी. तेव्हा भामरागडची वाट सुरू असते, तहसील सुरू असतं आणि तेंदूचा हंगाम लागायचा असतो. गोंडवाना विद्यापीठाने ट्रान्सक्रिप्टसाठी दिवसांची मर्यादा जाहीर करावी आणि परदेशी शिक्षणासाठी एक पूर्णवेळ माणूस नेमावा, ज्याचा फोन लागतो असा. आयईएलटीएसची फी आदिवासी विकासाच्या प्रकल्प कार्यालयांनी भरावी, परीक्षेनंतर परत नव्हे, आधी. आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थांशी बोलून वर्षातून दोनदा तरी केंद्र गडचिरोली आणि चंद्रपुरात भरवावं. जिल्हाधिकाऱ्यांनी पत्र लिहायला घेतलं तर ते या आठवड्यातच जाऊ शकतं.